तुळशीबागेतलं स्टीलचं बोंडलं: साडेतीन महिन्यांच्या वापरानंतर

बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं. किंमत १२० रुपये. पुण्याच्या तुळशीबागेत राममंदिराच्या आसपास भांड्यांची दुकानं आहेत, त्यांतल्या एका छोट्या दुकानातून घेतलं. स्टीलचं, एका अखंड पत्र्यातून ठोकलेलं, तळहातात मावणारं. आकार पणतीसारखा, फक्त वात ठेवायची चिमटी असते ती इथे बोटभर लांब चोच झालेली. चोच वरून उघडी आहे, आणि या उघडेपणाला फार महत्त्व आहे, त्यावर पुढे लिहिते. मापाची खूण कुठेच नाही, म्हणून औषधाच्या सिरिंजने पाणी घालून मोजलं. काठोकाठ २५ मिली, आणि न सांडता पाजता येईल असं १५ मिली. दोन बोंडली झाली की ३० मिली. आमच्या घरातला हिशोब अनेक महिने याच मापाने चालला. "किती घेतलं गं?" "दीड बोंडलं."

हे लिहितेय ते अंगावरचं आणि वरचं अशी दोन्ही दुधं ज्यांच्याकडे चालू आहेत आणि अंगावरचं सुटू नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी. मी त्यांच्यातलीच एक आहे. बाटल्या, पंप, पावडर यांबद्दल खूप लिहिलेलं मिळतं. या सव्वाशे रुपयांच्या भांड्याबद्दल मला गरज होती तेव्हा काहीच सापडलं नाही.

माझी मुलगी, घरात सगळे तिला चिऊ म्हणतात, सिझेरियनने झाली. जन्माच्या वेळी २ किलो ८०० ग्रॅम. चौथ्या दिवशी सकाळी वजन केलं तर २ किलो ५२०. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच हे मला माहीत होतं, पण तिचं बरोबर दहा टक्के उतरलं होतं, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत एकच लंगोट ओला झाला होता, तोही विटकरी डाग पडलेला. ती रडायचीही नाही फारशी. नुसती झोपून असायची, आणि मला वाटत होतं किती शांत बाळ आहे. तहानेने मलूल झालेलं बाळ आणि शांत बाळ यांतला फरक मला कळला नाही, ही गोष्ट अजून आठवली की पोटात कालवतं.

चिकाचं दूध येत होतं, पण पान्हा अजून नीट फुटला नव्हता. सिझेरियननंतर एखाद-दोन दिवस उशीर होऊ शकतो असं डॉक्टर म्हणाले. त्यांचं पुढचं वाक्य होतं, "अंगावर घेणं थांबवायचं नाही. पण आज वरचं द्यावं लागेल." मी रडले. दुधाच्या पेढीतलं आईचं दूध मिळेल का, असंही विचारलं, कारण मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली हे मी गरोदरपणात वाचलं होतं. पेढीतलं दूध आधी अपुऱ्या दिवसांच्या आणि आजारी बाळांना लागतं, तुमची मुलगी पूर्ण दिवसांची आहे, तिला पावडरचं दूध चालेल, असं त्यांनी समजावलं. ते मला पटलं.

पटलं नाही ते त्या रात्री झालेलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मी वेदनेच्या गोळीने झोपले असताना वॉर्डातल्या बाईंनी चिऊला बाटलीने ६० मिली पाजलं, मला न उठवता. सकाळी अंगावर घेतलं तर तिने तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि मान फिरवून किंचाळायला लागली. बाटलीतून दूध नुसतं तोंडात घेतलं तरी गळतं. अंगावर बाळाला आधी काही वेळ ओढावं लागतं, मग पान्हा सुटतो. चार दिवसांच्या अशक्त बाळाने सोपा रस्ता धरला, त्यात तिची काय चूक! सगळ्याच बाळांचं असं होतं असं नाही. माझ्या मावसबहिणीचा मुलगा पहिल्या आठवड्यापासून बाटली आणि आई दोन्ही आनंदाने घ्यायचा. आमच्याकडे एका रात्रीत झालं.

घरी आलो तेव्हा साताऱ्याहून माझी आई आली होती. अळिवाची खीर, शतावरी, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा असं सगळं तिने मांडूनच ठेवलं होतं. अहो आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, देवघरातल्या कपाटातून मलमलीत गुंडाळलेलं चांदीचं बोंडलं काढलं. माझ्या नवऱ्याच्या बारशात त्याच्या आजोळहून आलेलं. "याच बोंडल्याने तो वाढलाय. बाटली नको, यातून दे," असं म्हणत त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. सुंदर वस्तू आहे. झारीसारखी बारीक नळी, पोटावर वेलबुट्टी.

दुसऱ्या दिवशी स्तनपान सल्लागार ताई घरी आल्या. त्यांच्याबद्दलही पुढे लिहिते, कारण बोंडलं कसं वापरायचं ते त्यांनीच शिकवलं. त्यांनी चांदीचं बोंडलं हातात घेतलं, कौतुक केलं, मग कानातल्या कापसाच्या काडीचा कापूस उलगडून पातळ केला आणि नळीत घालून फिरवला. काडी काळपट होऊन बाहेर आली. त्या अहो आईंना म्हणाल्या, "काकू, वस्तू लाखमोलाची आहे, पण ही नळी आतून घासता येत नाही. दूध आत राहतं. उघड्या चोचीचं मिळालं तर बघा." अहो आईंना लागलं ते. ज्या वस्तूने आपला मुलगा वाढवला ती नातीला चालत नाही हे ऐकणं सोपं नाही. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी चार वाजता धायरीहून बसने एकट्या तुळशीबागेत गेल्या आणि सात वाजता हे स्टीलचं घेऊन आल्या. दुकानदाराने विचारलं म्हणे, "बारशात आहेर द्यायचाय की वापरायचंय?" आहेराची पातळ, नक्षीदार निघतात; वापरायची जाड आणि साधी. त्यांनी जाड घेतलं, दुकानातच कडेवरून बोट फिरवून पाहिलं आणि मग पैसे दिले.

ताईंनी पहिल्या भेटीत पंचेचाळीस मिनिटं नुसतं बघितलं. मी कशी बसते, चिऊ तोंड कसं उघडते, गिळते की नुसती चोखते. घरभेटीचे १,५०० रुपये घेतले आणि सोबत पाच ग्रॅमचाही फरक दाखवणारा काटा आणला होता. चिऊचं दूध पिण्याआधी वजन, पिऊन झाल्यावर तेच कपडे, तोच लंगोट ठेवून पुन्हा वजन. फरक १५ ग्रॅम. म्हणजे वीस मिनिटं अंगावर राहून तिला जेमतेम एक बोंडलंभर दूध मिळत होतं. तो आकडा बघून मला धक्का बसण्याऐवजी बरं वाटलं. तोपर्यंत कुणी "दूधच नाही हिला" म्हणत होतं, कुणी "भरपूर आहे, उगाच घाबरते" म्हणत होतं. आता कळलं की आहे, कमी आहे, आणि किती ते मोजता येतं.

मग त्यांनी तिचं धरणं सुधारलं. मी तिची मान मागून दाबत होते, त्यामुळे ती हनुवटी छातीला टेकवून नुसतं टोक धरत होती. हात मानेवरून खाली खांद्यांच्या मधे नेला, नाक टोकासमोर आणलं, तोंड जांभईसारखं उघडेपर्यंत थांबले, आणि मग जवळ घेतलं. दुखणं त्याच दिवशी निम्म्यावर आलं.

आणि क्रम ठरवून दिला. दर वेळी आधी अंगावर, दोन्ही बाजूंना. मग बोंडल्याने ३० मिली: पंपाने काढलेलं माझं दूध असेल ते आधी, उरलेलं पावडरचं. मग बाळ दुसऱ्याच्या हातात देऊन मी दहा-पंधरा मिनिटं पंप लावायचा. दिवसात आठ वेळा. मागचं कारण त्यांनी असं सांगितलं की दूध साठून राहिलं की शरीर ते कमी बनवायला लागतं आणि रिकामं झालं की जास्त बनवतं. वरचं दूध पोटात गेलं की बाळ तेवढं कमी ओढतं, म्हणून वरच्या प्रत्येक वेळेची भरपाई पंपाने करायची. वरचं दूध अंगावरचं दूध "आटवतं" असं बायका म्हणतात त्यामागे खरी गोष्ट एवढीच आहे, आणि त्यावर उपाय आहे. हे मला कुणीतरी सातव्या महिन्यात सांगायला हवं होतं.

आता बोंडल्याने पाजायचं कसं, कारण चुकीचं पाजलं तर ते धोक्याचं आहे. घरोघरी बाळाला मांडीवर आडवं टाकून, नाक धरून, चोच घशात रिकामी करतात. माझ्या आईनेही तसंच धरलं होतं. तसं अजिबात करायचं नाही. दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. बाळ जागं हवं, रडत नको. जवळजवळ उभं धरायचं, मान आणि पाठ आपल्या हातावर, हात दुपट्यात हलके गुंडाळलेले. चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि दूध ओठाला लागेल इतकीच तिरकी करायची. ओतायचं नाही. बाळ स्वतः जीभ बाहेर काढून चाटतं, घुटका घेतं, थांबतं. थांबलं की चोच तिथेच ठेवायची, फक्त खाली कलवायची. पहिल्या दिवशी चिऊने ३० मिलीला पंचवीस मिनिटं घेतली, अर्धं गळ्याखाली सांडलं. पाचव्या दिवशी दहा मिनिटांवर आली. तिची ती छोटी जीभ मांजरीच्या पिल्लासारखी बाहेर येताना बघणं हे त्या सगळ्या थकव्यातलं माझं सुख होतं.

बाटलीपेक्षा यात मला सगळ्यांत जास्त काय आवडलं, तर वेग तिच्या हातात राहतो आणि पोट भरलं की ती तोंड मिटते. बाटली असताना "संपव, दहाच मिली उरलंय" अशी घाई आपोआप होते. शिवाय बोंडल्यात ओढायला काही नाही. ओढण्याची तिची हौस अंगावरच भागायची, म्हणून ती अंगावर यायला तयार राहिली. बाटलीच्या त्या रात्रीनंतर चौथ्या दिवशी चिऊ परत न रडता अंगावर आली. त्यात ताईंच्या शिकवण्याचा, मी तिला दिवसभर उघड्या छातीवर झोपवत होते त्याचा आणि बोंडल्याचा किती-किती वाटा ते वेगळं करून सांगता येणार नाही, पण बोंडल्याशिवाय ते झालं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

धुणं-उकळणं बाटलीच्या मानाने काहीच नाही. बूच, वायसर, झडप असलं काही नाही. पिऊन झालं की लगेच साबणाने घासायचं, चोचीत दात घासायचा नवा ब्रश फिरवायचा, स्टीलच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळायचं. उघडी चोच इथे कामी येते. शेवटपर्यंत नजरेला दिसते, कुठे साय चिकटली आहे का कळतं. एकाच्या जागी तीन घेतली ती दर वेळी उकळत बसावं लागू नये म्हणून.

पावडरच्या दुधाबद्दल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं घ्या. औषधाच्या दुकानात तो डबा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरांत आईचं दूधच उत्तम असं लिहिलेलं वाचून मला आरोपीसारखं वाटलं. ताईंनी त्याचा उलगडा केला. १९९२ सालचा कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक केला. त्यानुसार बाळाचं पावडरचं दूध आणि बाटल्या यांची जाहिरात करता येत नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापता येत नाही, आणि ही सूचना छापावीच लागते. "ती सूचना कंपन्यांना लगाम घालायला आहे, तुम्हाला टोचायला नाही," असं त्या म्हणाल्या. ते वाक्य मी स्वयंपाकघरात डब्याकडे बघताना रोज स्वतःला सांगत असे.

आमच्या डब्यात एक सपाट चमचा ३० मिली पाण्याला. दोन बोंडल्यांना बरोबर एक चमचा, म्हणून हिशोब कधी चुकला नाही. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. चमचा दाबून भरायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. पावडर निर्जंतुक नसते, ती गरम पाण्यानेच सुरक्षित होते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, निदान ७० अंश तरी गरम असताना त्यात पावडर घालायची आणि मग भांडं गार पाण्यात ठेवून निववायचं. कोमट पाण्यात पावडर ढवळणं ही आमची पहिल्या दोन दिवसांतली चूक होती. रात्रीसाठी उकळतं पाणी थर्मासमध्ये भरून ठेवत होतो. नवऱ्याने स्वयंपाकाचा तापमापक लावून तीन तासांनी पाहिलं तर ७८ अंश निघालं, मग निर्धास्त झालो. उरलेलं दूध ठेवायचं नाही, टाकायचं. टाकताना जीव तुटतो, पण टाकायचं. म्हणूनच माझं काढलेलं दूध आणि पावडरचं एकत्र करत नसे. आधी माझं संपवायचं, मग पावडरचं, म्हणजे टाकायची वेळ आली तर पावडरचं जातं.

अहो आई एकदा म्हणाल्या, "थोडं पातळ कर गं, पोटाला जड होईल." त्यांच्या काळी गाईच्या दुधात पाणी घालून चांदीच्या बोंडल्याने पाजत. मी त्यांना शेजारी बसवून सांगितलं की अहो आई, यात पाणी वाढवलं तर तिचं पोट भरेल पण वजन वाढणार नाही, आणि गाईचं दूध आता वर्षाच्या आत पाजायला डॉक्टर देत नाहीत. पुढच्या वेळेपासून चमचा सुरीने सपाट करण्याचं काम त्यांनीच घेतलं. पहाटे चारचं बोंडलंही त्याच पाजायच्या. मी पंपावर बसलेली, त्या चिऊला उभी धरून बसलेल्या, मधे झिरोचा दिवा. आमच्या दोघींत त्या दीड महिन्यात जेवढं बोलणं झालं तेवढं लग्नानंतरच्या तीन वर्षांत झालं नव्हतं.

पंप भाड्याने घेतला, रुग्णालयात वापरतात तसा दोन्ही बाजूंचा विजेवरचा. महिन्याला २,५०० रुपये, नळ्या आणि कप आपले वेगळे घ्यायचे. भाड्यानेच घ्या असं मी सांगेन. सहा आठवड्यांनंतर मला तो दिवसातून एकदाच लागत होता. कपाचं माप मात्र ताईंना दाखवून घ्या. माझा आधीचा मोठा होता, त्यामुळे दुखायचं आणि निघायचं कमी. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंचं मिळून ८ मिली निघालं होतं. मी त्या शिशीचा फोटो काढून आईला दाखवला, आणि माझी आई, जिने आयुष्यात माझं कौतुक शब्दांत फार केलं नाही, ती म्हणाली, "अर्धं बोंडलं की गं हे! उद्या पाऊण होईल."

वजनाचे आकडे लिहिते, कारण मी स्वतः कुणाचे तरी शोधत होते. बाराव्या दिवशी २ किलो ७८०, चौदाव्या दिवशी २ किलो ८१०, म्हणजे जन्माचं वजन परत मिळालं. सहा आठवड्यांना ३ किलो ६००. दहा आठवड्यांना ४ किलो ३५०. अंगावरच्या एका वेळचा काट्यावरचा फरक १५ ग्रॅमवरून तिसऱ्या आठवड्यात ३५ आणि सहाव्यात ६० झाला. तसतसं डॉक्टर आणि ताई यांच्या सल्ल्याने वरचं कमी केलं, आपल्या मनाने नाही. आधी रात्री दोन ते सकाळी दहापर्यंतची बोंडली बंद केली, कारण तेव्हा मला दूध भरपूर असायचं. रात्री पाजल्याने दूध वाढवणारं संप्रेरकही जास्त सुटतं म्हणे. संध्याकाळी मात्र मला नेहमी कमी पडायचं. दिवेलागणीला चिऊ अंगावर असूनही कुरकुरायची. सहाव्या आठवड्यात आठाच्या जागी चार वेळा वरचं, दहाव्या आठवड्यात दोन वेळा: संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला, प्रत्येकी ६० मिली.

आणि तिथेच थांबलं. ही दोन वेळचीही बंद व्हावीत म्हणून मी तीन आठवडे झटले. पंप वाढवला, शतावरी वाढवली, झोप गेली, चिडचिड वाढली. काट्यावरचा संध्याकाळचा आकडा हलला नाही. ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "दिवसाचे सात-आठ लंगोट ओले होतात, वजन वाढतंय, दिवसातून सहा वेळा ती तुमचं पिते. आणखी काय हवं?" त्या संध्याकाळी मी पंप न लावता चिऊजवळ झोपले. दोन महिन्यांत पहिल्यांदा सलग चार तास.

आता दोष. बोंडल्याचे आहेत आणि काही गंभीर आहेत.

पहिला, स्टील तापतं. निववलेलं दूध घातलं तरी उकळत्या पाण्यातून नुकतंच काढलेलं बोंडलं कडेला चटका देतं. ओठ फार नाजूक असतात. बोंडलं आधी पूर्ण गार करा, चोच स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा, दूधही मनगटावर टाकून बघा. एकदा माझ्याकडून राहिलं आणि चिऊ दचकली. काही झालं नाही, पण मी हादरले.

दुसरा, कडा. आमच्या तिनांपैकी एकाची चोच किंचित कातरी निघाली. बोटाला लागली नव्हती, जिभेला लागली असती. नखावर घासून पाहिलं तेव्हा कळलं. दुकानदाराने बदलून दिलं, काही न बोलता.

तिसरा, किती सांडलं ते कळत नाही. पहिल्या आठवड्यात जेवढं भरलं तेवढं पोटात गेलं असं समजून चालत होतो. मग गळ्याखालची घडी केलेली लंगोटी आधी आणि नंतर काट्यावर ठेवून पाहिली तर ३० मधले सहा-सात मिली तिच्यात. तेव्हापासून दोन बोंडल्यांच्या जागी अडीच द्यायला लागलो.

चौथा, एकट्या बाईला रात्री हे जमणं कठीण आहे. एका हातात बाळ, एका हातात बोंडलं, भरायला तिसरा हात नाही. माझ्याकडे आई आणि अहो आई होत्या आणि समजूतदार नवरा होता. ज्यांच्याकडे कुणी नाही त्यांनी बाटली वापरली तर मी त्यांना एक शब्द बोलणार नाही. ताईंनी अशा आईला बाटली आडवी धरून, मधे मधे थांबवत पाजायला शिकवलेलं मी पाहिलं आहे.

पाचवा, हे फार दिवस टिकणारं नाही. तीन महिन्यांपर्यंत ठीक. मग ६० मिलीला चार बोंडली भरावी लागतात, आणि साडेतीन महिन्यांची झाल्यावर चिऊ हात उडवून बोंडलं पाडायला लागली. आता आम्ही छोट्या फुलपात्राने पाजतो, कड ओठाला टेकवून, तसंच उभं धरून. ती दोन्ही हातांनी फुलपात्र धरते. माझी २६ आठवड्यांची रजा संपून मी कामावर जाईन तोपर्यंत ती यात तरबेज होईल, आणि तेव्हा माझं काढलेलं दूधही याच फुलपात्रातून जाईल. चांदीचं बोंडलं परत मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवलंय. बारशाला पाळण्याशेजारी ते मांडलं होतं, तेव्हा अहो आईंनी स्वतः घासून चकचकीत केलं होतं.

घ्यायला जाल तेव्हा: चोच शेवटपर्यंत उघडी दिसली पाहिजे. जोड नको, एका पत्र्याचं हवं, कारण जोडात दूध अडकतं. वजनाला जाड घ्या. कड नखावर घासून बघा, विशेषतः चोचीच्या टोकाची. नक्षीचं नको. दुकानात पाणी मागून बोंडल्यात घाला आणि चोचीवरून थेंब थेंब पडतोय की एकदम धार लागतेय ते बघा. थेंब पडणारं घ्या. तीन घ्या. दोन पुरतात, पण तिसरं हाताशी असलं की पहाटे चारला गॅस पेटवावा लागत नाही.